चर्चला वाहिलेले ब्रेक

डाव्या पायाचं काय करायचं, या एका प्रश्नापासून सगळं सुरू झालं.

पुलेतामाने चाळीस वर्षं गिअरचा ट्रक चालवला होता. त्यात डावा पाय क्लचवर राबायचा, उजवा बाकीचं बघायचा. दोघांनाही कामं होती, त्यामुळे तक्रार नव्हती. मग त्याच्या मुलीने, हिवाने, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून आपली वापरलेली पण नव्यासारखी दिसणारी छोटी रुपेरी गाडी बोटीने पॅसिफिक महासागरातल्या नीउए बेटावर पाठवून दिली. ती आपले गिअर आपणच बदलणारी. क्लच नाहीच. पहिल्या दिवशी सीटवर बसल्यावर पुलेतामाच्या लक्षात आलं की आपला डावा पाय रिकामा आहे. आता रिकामा पाय ठेवायचा कुठे? दाराबाहेर काढून चालत नाही. (त्याने काढून पाहिला होता. शेजारणीने विचारलं, "ढकलायला माणसं पाठवू का?") शेवटी त्याने तो ब्रेकवर ठेवला. अगदी हलकेच. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवावा, तसा नुसता टेकवून.

आणि सोयही झाली. बेटावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करावा लागतो. नाही केला, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही आजारी आहात किंवा माजला आहात, अशी बातमी पसरते. पुलेतामाला आताशा लांबचं नीट दिसत नसे. कोण आहे ते ओळखून, त्याच्या मानाप्रमाणे दोन बोटं, चार बोटं की अख्खा हात हे ठरवायचं, तर गाडी जरा हळू व्हायला हवी. डावा पाय तिथे तयारच होता.

संध्याकाळी मात्र गाडीला निराळं काम असे. सूर्य कलला की पुलेतामा किल्ली घेऊन उठायचा.

"अहो, कुठे निघालात?" बायको, लिलियानी, आतून विचारायची.

"गाडीला जरा वारा दाखवून आणतो."

"वारा? घराला तीन बाजूंनी वाराच आहे. चौथ्या बाजूला मी आहे."

तरी तो जायचाच. गावाच्या टोकाला कड्यावर एक मोकळी जागा होती. तिथे अगदी काठाला, समुद्राकडे तोंड करून तो गाडी उभी करायचा. इंजिन चालू, पाय ब्रेकवर. हिवाचा केसांचा एक लाल रबर अजून आरशाला अडकवलेला होता. सीटला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास होता (निदान पुलेतामाला तरी येत होता, लिलियानीच्या मते तो वास कालच्या माशांचा होता). सहा वर्षांपूर्वी मुलगी ऑकलंडला गेली, ती मधे एकदाही आली नाही. सुट्टी मिळाली तर तिकीट नाही, तिकीट मिळालं तर सुट्टी नाही. पुलेतामा तिथे अर्धा तास बसायचा. खालून लाट आपटली की खारे तुषार उडून थेट चाकांवर यायचे. डोळे पुसले की तो स्वतःलाच सांगायचा, तुषार फार उडतात इथे. (काचा बंद असायच्या.)

अकरा महिन्यांनी गाडी किंचाळायला लागली.

साधंसुधं किंचाळणं नाही. ब्रेक दाबला की डुक्कर धरल्यासारखा आवाज. खरी डुकरं तर तो ऐकून झाडीत पळायची. गावातली माणसं दाराशी येऊन म्हणायची, "पुलेतामा आला वाटतं," आणि मग तीन मिनिटांनी पुलेतामा यायचा.

इकिपा हा लिलियानीचा भाचा. बेटावरच्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, उरलेल्या निम्म्या त्याच्या अंगणात पडलेल्या. त्याने चाकाच्या फटीतून विजेरी मारून आत डोकावून पाहिलं आणि टोपी काढली.

"काका, हे काय केलंत?"

"मी काय केलं? मी तर हळू चालवतो."

"हळू नाही, तुम्ही ब्रेक दाबूनच चालवता. या आतल्या लोखंडी डिस्क. ब्रेक दाबला की दोन्हीकडून पॅड यांना चिमटीत धरतात, तेव्हा गाडी थांबते. तुमचे पॅड बिस्किटासारखे पातळ झालेत. आणि डिस्कला एवढा गंज, की बुडालेलं जहाज वर काढलंय असं वाटतंय. ही गाडी समुद्रात धुता की काय?"

"समुद्र... दाखवतो तिला. लांबून."

"फार लांबून दिसत नाही. आजपासून ही गाडी चालवायची नाही. पॅड माझ्याकडे पडलेत, पण डिस्क नव्या हव्यात. बोट येणार जानेवारीच्या शेवटी."

पुलेतामा मटकन पायरीवर बसला. कारण हिवा डिसेंबरअखेर येणार होती. सहा वर्षांनी, नऊ दिवसांसाठी. नवीन वर्षाच्या टाकाईला. त्या दिवशी सगळं बेट पानाफुलांनी सजवलेल्या गाड्यांतून बेटाला फेरी मारतं, हॉर्न वाजवतं आणि गावागावांतल्या पोरांवर गोळ्यांचा वर्षाव करतं. गेल्याच आठवड्यात फोनवर हिवा म्हणाली होती, "पपा, या वेळी टाकाई आपल्या गाडीतून. चालवणार तुम्ही. मला बघायचंच आहे, तुम्हाला दोघांना तिथे एकट्याने झेपतंय का ते. नसेल झेपत तर स्पष्ट सांगते, घराला कुलूप आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर ऑकलंडला."

ऑकलंडला! तिथे मुलगी होती हे खरं. पण तिथे तारोच्या कंदांचा मळा नव्हता, कडा नव्हता, आणि समोरून येणाऱ्या गाडीला हात केला तर लोक पोलिसांना बोलावतात असं त्याने ऐकलं होतं. पुलेतामाला मुलगी हवी होती, पण ती इथे हवी होती. आणि वर्षाच्या आत ज्याने गाडीची ही दशा केली, त्याला स्वतःचं सांभाळता येतं हे कोण मान्य करणार?

"विमानाने नाही का येणार सामान?" त्याने विचारलं.

"येईल की. कोणाच्या तरी बॅगेतून," इकिपा म्हणाला. "येतंय का कोणी तुमच्या ओळखीचं ऑकलंडहून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. येत होतं.

बेत असा ठरला: इकिपाचा मेहुणा ऑकलंडला दुकानातून माल घेणार, जुन्या घोंगडीत गुंडाळून, चिकटपट्टीने मढवून हिवाच्या दाराशी ठेवणार. हिवा ते आणणार. तिला कळायच्या आत, शनिवारी, इकिपा गाडीला बसवणार. बेत चांगला होता. त्यात एकच उणीव राहिली, की हिवाला हात होते आणि तिने ते गाठोडं उचललं.

"पपा, हे काय आहे?" ती फोनवर ओरडली. "बारा किलो! माझं अर्धं सामान मागे ठेवावं लागेल!"

पुलेतामाने उत्तर तयार ठेवलं नव्हतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात तिला तडा गेला होता, तेव्हापासून ती डबा आपटल्यासारखी वाजायची.

"घंटा," पुलेतामा म्हणाला. "चर्चसाठी."

"यात दोन वस्तू आहेत."

"एक सकाळची. एक संध्याकाळची."

"बघू तरी कशा आहेत."

"उघडू नकोस!" तो किंचाळला (गाडीसारखाच). "हवा लागली तर नाद बिघडतो."

"बरं," हिवा म्हणाली. "तुम्ही म्हणता तर."

फोन ठेवल्यावर लिलियानीने हातातला चमचा खाली ठेवला. "देवाच्या नावाने खोटं बोललात. आता देवच काय ते बघून घेईल."

हिवा शनिवारी निघाली आणि, मधे तारीखरेषा ओलांडावी लागते म्हणून, आदल्या दिवशी शुक्रवारी पोचली. विमानतळावर तिला पाहिलं आणि पुलेतामा ब्रेकबिक सगळं विसरला. ती जाड झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि हसली तर नऊ वर्षांची दिसत होती. त्याने तिच्या गळ्यात फुलांचा हार घातला, तिने त्याच्या गळ्यात हात घातले, आणि दोघंही हुंदके देत राहिले. शेवटी लिलियानी म्हणाली, "मला पण द्या की थोडी मुलगी."

"गाडी कुठे आहे?" इकिपाचा ट्रक बघून हिवाने विचारलं.

"गाडी... विश्रांती घेतेय," पुलेतामा म्हणाला.

"टाकाईच्या आधी उपास धरलाय तिने," लिलियानी म्हणाली आणि तोंड फिरवून ट्रकमध्ये चढली.

"आणि ते... घंटेचं गाठोडं?" पुलेतामाने हळूच विचारलं. "दे, मी नेऊन देतो."

"नको पपा, जड आहे. मी बघते."

शनिवारभर तो त्या गाठोड्याच्या मागे होता. हिवा अंघोळीला गेली तेव्हा त्याने पलंगाखाली पाहिलं, ती मावशीकडे गेली तेव्हा कपाटात. गाठोडं नव्हतं. इकिपा पाना घेऊन तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी लिलियानीने त्याला जेवायलाच बसवलं.

ते गाठोडं दिसलं थेट रविवारी सकाळी, भरल्या चर्चमध्ये, पाद्रीबाबांच्या हातात.

"आज," पाद्रीबाबा सद्गदित होऊन म्हणाले, "आपल्या पुलेतामाने दोन वर्षांचं दुःख दूर केलंय." त्यांनी घोंगडी सोडली. दोन नव्या कोऱ्या, चकचकीत ब्रेक डिस्क बाहेर आल्या. सगळीकडून "आ हा" असा आवाज आला. पाद्रीबाबांनी एक डिस्क दोरीला टांगून तिच्यावर लोखंडी दांडा हाणला.

टण्ण्ण्...

काय तो नाद! तो छताला लागला, खाली उतरला, बायकांच्या टोप्यांवरून फिरून दारातून समुद्राकडे गेला. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. पुलेतामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं, किती भाविक माणूस. मागच्या बाकावर इकिपा तोंडात रुमाल कोंबून थरथरत होता.

प्रार्थना संपल्यावर पुलेतामाने पाद्रीबाबांना दाराशी गाठलं.

"ती घंटा... एक दोन दिवस मला परत मिळेल का?"

"कशाला?"

"नाद तपासायला."

"अरे, याहून शुद्ध नाद अख्ख्या बेटावर नाही! देवाला वाहिलेली वस्तू अशी परत मागतात का?"

"मग निदान दुसरी? संध्याकाळची?"

"ती मी शेजारच्या गावाला देऊन टाकली. आताच. तुझ्याच नावाने. ते लोक तुला दुवा देतायत बघ."

खरंच समोर शेजारच्या गावची सहासात माणसं डिस्क हातात धरून त्याला हात करत होती. अख्खा हात. पुलेतामाने केविलवाणा होऊन उलट हात केला.

"काय पपा," मागून हिवाचा आवाज आला, "मिळाले का ब्रेक परत?"

पुलेतामा वळला. "तुला... कधी कळलं?"

"ऑकलंडच्या विमानतळावर. अधिकाऱ्याने गाठोडं उघडलं. म्हणाला, बाई, या गाडीच्या डिस्क आहेत. मी म्हटलं, नाही साहेब, या घंटा आहेत, माझे वडील खोटं बोलत नाहीत. त्याने आणखी दोघांना बोलावून आणलं, फक्त हसायला."

"मग चर्चला कशाला दिल्यास?"

"तुम्हीच सांगितलंत ना, चर्चसाठी आहेत म्हणून. वडिलांचा शब्द मोडू?" तिचा चेहरा हसरा होता, पण मग ती हसायची थांबली. "पपा, आज ब्रेक लपवलेत. उद्या छातीत दुखलं तर तेही लपवाल. आणि मी तिकडे फोनवर विचारत बसेन, कसे आहात, आणि तुम्ही सांगाल, मजेत. नाही. या खेपेला मी तुम्हाला दोघांना घेऊनच जाणार."

ज्याचे ब्रेक दोन चर्चमध्ये टांगलेले आहेत, त्याने काय बोलावं?

टाकाई इकिपाच्या ट्रकमधून झाली. मागच्या हौद्यात पुलेतामासाठी खुर्ची ठेवून ती दोरीने बांधली होती, आणि खुर्ची हलते म्हणून मग त्यालाही बांधलं होतं. चहूबाजूंनी नारळाच्या झावळ्या, रंगीत फिती. हिवा लहानपणी बसायची तशी हौद्याच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि मुठी भरभरून गोळ्या उधळत होती. पोरं ओरडत मागे धावत होती. लिलियानी दर दोन गावांनंतर नवऱ्याच्या तोंडात तारोचा तुकडा कोंबत होती, कारण त्याचे हात दोरीत होते.

पुलेतामा प्रत्येक घराकडे बघत होता. ही शाळा. हा फणस. हे आईचं थडगं, याला या वर्षी रंग द्यायचा राहिला. आपण हे शेवटचं बघतोय की काय, असं मनात यायचं, आणि बरोबर त्याच वेळी लिलियानी पुढचा तुकडा कोंबायची.

हिवाच्या जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी इकिपा आला. नव्या डिस्क मागवायच्या तर जुन्यांचं नीट माप हवं, म्हणून त्याने चाक काढलं. तिघंही भोवती उभी राहिली.

"बघून घे, हिवा," पुलेतामा पडेल आवाजात म्हणाला. "हे तुझ्या बापाचे उद्योग."

इकिपाने डिस्कवर नखाने खरवडलं. मग पान्याने खरवडलं. मग तो उकिडवा बसला आणि ती उन्हात फिरवून फिरवून बघायला लागला.

"काका, तुमच्यावर थोडा अन्याय झाला," तो म्हणाला. "हा वरचा गंज तुमचा. ताजा, लाल, भुसभुशीत. पण खाली हा काळा थर दिसतोय ना? हा जुना आहे. गाडी बोटीवर चढायच्या आधीचा. पॅडही वर्षात एवढे झिजत नाहीत, इथे आले तेव्हाच अर्धे गेलेले असणार." त्याने मान वर केली. "हिवा, तिकडे गाडी कुठे ठेवायचीस तू?"

"घराजवळ."

"घराजवळ समुद्र आहे?"

"...नाही."

"हिवा," लिलियानी म्हणाली. एवढंच म्हणाली.

हिवा पायाने गवत उकरायला लागली. आता तिचं वय पुन्हा नऊ झालं होतं.

"कामावरून सुटले की जायचे मी," ती म्हणाली. "पुलाजवळ, खाडीच्या काठाला. अगदी काठाला लावायचे गाडी. अर्धा तास, कधी तास. इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर. भरतीचं पाणी चाकांपर्यंत यायचं कधी कधी. घराकडे तोंड करून बसलं की... बरं वाटायचं." तिने नाक ओढलं. "रोज वाटायचं, सोडून द्यावा ब्रेक."

"मग ती गाडी आम्हाला कशाला पाठवलीस?" पुलेतामाने विचारलं.

"म्हटलं, निदान गाडी तरी घरी पोचेल."

इकिपा उगीचच एक घट्ट असलेला नट घट्ट करत बसला. लिलियानीने टॉवेलला डोळे पुसले आणि मग तोच टॉवेल मुलीच्या तोंडावरून फिरवला.

"ऑकलंडचं काय मग?" थोड्या वेळाने पुलेतामाने भीत भीत विचारलं.

"राहू दे," हिवा म्हणाली. "माझेच पॅड आधी झिजलेत. मी कोणत्या तोंडाने तुम्हाला सांगू? दर वर्षी येईन. सुट्टी नाही दिली तर नोकरी सोडेन. पण छातीत दुखलं तर घंटा म्हणायचं नाही, छातीच म्हणायचं."

"छातीच म्हणेन."

पुलेतामाला एकदम तरतरी आली. दोषी ठरलेला माणूस निम्मा का होईना सुटला, की त्याची छाती जरा जास्तच फुगते. "चला," तो म्हणाला, "तुम्हाला माझी जागा दाखवतो. बघ तर खरं, तुझा बाप कसा बसायचा ते."

तिघंही चालत कड्यावर गेली. ऊन उतरलं होतं. पुलेतामाने गाडीच्या टायरच्या खुणांवर दोन्ही पाय रोवले, बोनेटच्या रोखाने हात लांब केला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "अशी. रोज. नाक अगदी तुझ्या घराकडे. इथून सरळ रेघ मारली की तुझं दार."

हिवाचे डोळे भरून आले. तिने मोबाइल काढला, त्याचा फोटो घ्यायला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने त्यावर नकाशा उघडला, दिशा बघितली, पुन्हा बघितली.

"पपा, हे ऑकलंड नाही."

"म्हणजे काय? तुझं विमान याच बाजूला गेलं. मी पार ठिपका होईपर्यंत बघत होतो."

"विमान वर गेल्यावर वळतं, पपा. ऑकलंड तिकडे आहे, डावीकडे. ते त्या खडकाच्याही पलीकडे."

"मग हे सरळ कोण आहे?"

हिवाने बोट फिरवून नकाशा मोठा केला. "टोंगा."

समुद्र शांत होता. लिलियानीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "ज्या टोंगावाल्यांना तुमच्या पूर्वजांनी याच कड्यावरून धोंडे मारून पळवून लावलं, त्यांच्यासाठी तुम्ही वर्षभर रोज अर्धा तास रडत होतात?"

पुलेतामाने हात खाली घेतला.

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटायचंच, पलीकडून काही प्रतिसाद कसा येत नाही."